पाच सेंटिमीटर श्वास

हारिसनं टेप छातीभोवती आवळला तेव्हा मलप्पानं डोळे मिटून घेतले. शिंप्याकडं माप देताना कुणी डोळे मिटत नाही. पण हे माप शर्टाचं नव्हतं. "चौऱ्याऐंशी," हारिस म्हणाला, "आता भर." मलप्पानं श्वास भरला. खांदे कानांपाशी गेले, मानेच्या शिरा तटतटल्या, गाल फुगले, जे जे फुगायला नको ते सगळं फुगलं. टेप मात्र हारिसच्या बोटांत जरासा सरकला आणि अडून बसला. "सत्त्याऐंशी. म्हंजे तीनच, मियाँ." गेल्या महिन्यातही तीनच होते. गेल्या साली नांदेडच्या मैदानावर फौजेच्या माणसानंही तीनच सांगितले होते आणि हातानंच बाजूला हो म्हणून खूण केली होती. फौजेला पाच लागतात. छाती मुळात केवढी का असेना, श्वास भरल्यावर ती पाच सेंटिमीटर वाढली पाहिजे. नाही वाढली तर आधीचं धावणं, बीमला लोंबकळणं, खड्ड्यावरची उडी, सगळं पाण्यात. यंदाची भरती महिन्यावर आली होती, आणि पुढच्या भरतीपर्यंत मलप्पाचं वय निघून जाणार होतं. हारिसनं टेप गुंडाळून खिशात टाकला आणि सहज, अगदी हसत हसत म्हणाला, "तू दम घेतोस बरोबर, पण अर्धाच घेतोस. उरलेला अर्धा कुणासाठी ठिवून राहिलास?"

आजूबाजूची दोघं-तिघं हसली. मलप्पाही हसला. त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि हारिसच्या जिमचा जिना उतरून खाली आला. खाली हारिसच्या वडिलांचं गादीचं दुकान. कापसाचं पीठ हवेत तरंगत होतं. ते नाकात जाईल म्हणून मलप्पानं श्वास रोखला आणि दुकान ओलांडून रस्त्यावर आल्यावरही बराच वेळ रोखूनच धरला, हे त्याच्या ध्यानात आलं ते पानटपरीपाशी. मग तो घाबरला. आपण कधी श्वास घेतो आणि कधी घेत नाही, हे आपल्याला माहीतच नसतं की काय? रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शिकवण्यांचे फलक होते, त्यांवर पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाच्या गळ्यात हार, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच हसू. लातूरला येऊन पोरगं डॉक्टर होतं असं साऱ्या मराठवाड्यानं मनाशी धरलं होतं, तेव्हा मलप्पाच्या वडिलांनी, गुरुपादप्पांनीही, आपलं एकुलतं एक पोर बारावीसाठी इथं आणून ठेवलं होतं. पोराला भौतिकशास्त्र झेपलं नाही आणि रसायनशास्त्रानं त्याला ओळख दाखवली नाही. डॉक्टरकी राहिली, शिकवणी सुटली, खोली मात्र तीच राहिली. आणि ज्या गल्लीत डॉक्टर व्हायला आलेली पोरं पुस्तकं छातीशी धरून जात, त्याच गल्लीतून मलप्पा आता पहाटे पळायला जाई. त्याचं नावच म्हाताऱ्याचं, आजोबाचं. शिकवणीतली पोरं त्याला "काय आजोबा" म्हणायची. ते त्याला लागायचं नाही. उलट बरं वाटायचं, कारण म्हाताऱ्या माणसाच्या अंगात काहीतरी अडकलेलं असतं हे लोक समजून घेतात.

खोलीवर स्लॅब होता, म्हणून मलप्पा गच्चीवर झोपायचा. घरमालकाला वाटे, पोरगं अभ्यासू आहे, हवा खातं. ऐन थंडीतही तो गोधडी घेऊन वर जाई. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आणि मलप्पाच्या गावाकडं तर तोंडच नव्हे, सगळं अंग पोळलं होतं. तो सात वर्षांचा असताना, गणपती बोळवून गाव झोपलं त्या पहाटे जमीन हादरली आणि गाव उरलंच नाही. त्याबद्दल तो कुणाशी बोलत नसे. लातुरात कुणी गाव विचारलं तर तो तालुक्याचं नाव सांगून मोकळा होई, कारण गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "घरातलं कोण गेलं?" एखाद्या लग्नाला कोण कोण गेलं होतं असं विचारावं, तसं. पत्र्याखाली झोपणं, दाराला कडी न लावणं, कुणी जड सामान सरकवलं की आधी वर बघणं, या सवयी तर सगळ्या गावालाच होत्या. त्यांची त्याला लाज नव्हती. त्याला लाज वाटायची ती एका वेगळ्याच गोष्टीची, जी गावात दुसऱ्या कुणाला असल्याचं त्यानं ऐकलं नव्हतं. पूर्ण श्वास घ्यायची त्याला भीती वाटायची.

भीती म्हणजे कशी, हे त्यानं गच्चीवर एकट्यानं तपासून पाहिलं होतं. श्वास आत घ्यायला लागावं. बरगड्या उघडायला लागतात, छान वाटतं, गार वाटतं, आणि मग एक जागा येते. तिथं कडी असावी तशी ती जागा. तिथपर्यंत सगळं आपलं, तिच्यापुढचं आपलं नाही. रेटून पुढं गेलं की कानांत घरघर सुरू होते, तळव्यांना घाम येतो, आणि अंगावर आभाळ असूनही वरून काहीतरी येतंय असं वाटून मान आपोआप खाली जाते. तो लगेच श्वास सोडून द्यायचा. सोडल्यावर थोडं थांबायचा. हे थांबणं त्याला आवडायचं. त्यात काहीतरी सभ्य होतं, पंगतीत पुढच्याला वाढून होईपर्यंत आपण घासाला हात न लावण्यासारखं. मग तो पुढचा श्वास घ्यायचा, तोही मोजकाच.

जिमची ओढ त्याला या भीतीपोटीच लागली होती, हे हारिसला कुठून कळणार! हारिसला वाटे की पोरगं दंड दाखवायला येतं. बाकडावर उताणं पडायचं, वर लोखंडी दांडा, दांड्याला दोन्हीकडं वजनं. तो दांडा छातीवर उतरवायचा आणि मग दोन्ही हातांनी वर लोटायचा. पहिल्यांदा त्यानं तो लोटला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घाम म्हणून त्यानं ते पुसलं. छातीवर आलेलं ओझं आपल्या हातांनी वर जातं, पुन्हा आलं तर पुन्हा जातं, ही गोष्ट त्याला जगातल्या सगळ्या गोष्टींहून मोठी वाटली. मग तो रोजच यायला लागला. वजन वाढवत गेला. छाती रुंद झाली, जाड झाली, बनियन दाटायला लागलं, आणि हारिस आरशापुढं उभा करून त्याला नव्या पोरांना दाखवायला लागला. पण दांडा लोटताना तो श्वास धरून ठेवायचा, आणि धरलेल्या श्वासावर घडवलेली ती छाती ठासून भरलेल्या गादीसारखी झाली. खालच्या दुकानात अशा गाद्या खूप असत. बसायला घट्ट, टिकायला पक्क्या, आणि कितीही झटका, फुगत नाहीत.

"नाकापेक्षा मोती जड झालाय तुझा," शेषेराव सर म्हणाले होते. शेषेराव अहमदपूरकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. रेणापूर नाक्यापलीकडं एका पडीक वावरात ते पोरांना भरतीसाठी तयार करत. त्यांच्याकडं एकही यंत्र नव्हतं. दोन खांबांवर आडवा टाकलेला पाइप हा बीम, लिंबाला बांधलेला दोर, खणलेला खड्डा आणि खडीची वाट, एवढाच त्यांचा संसार. जोर काढा, सपाटे मारा, दोर चढा, बीमला लोंबकळून हनुवटी वर न्या. स्वतःचं अंग स्वतः उचला, दुसऱ्याचं लोखंड कशाला उचलता, हा त्यांचा रोजचा पाठ. हारिसचं नाव काढलं की ते मातीत थुंकत. हारिसही कमी नव्हता. तो म्हणायचा, "सरला सांग, बाबा आदमच्या काळात फौज जोर काढून लढायची, आता जोर काढत न्हाई, मशीनगन चालवते." मलप्पा सकाळी शेषेरावांच्या वावरात आणि संध्याकाळी हारिसच्या जिन्यावर. दोन्ही डगरींवर पाय. सकाळी सरांपुढं उभं राहताना तो सैल शर्ट घालायचा, म्हणजे छाती फार दिसू नये, आणि संध्याकाळी हारिसपुढं तळहातांवरचे बीमचे घट्टे मुठीत झाकायचा. खरं सांगायचं तर वावरातही त्याचं काही अडत नव्हतं. तो हलका धावायचा, बीमला माकडासारखा चढायचा. घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी, जोर काढताना. खाली जाताना नाक जमिनीपाशी येई. तिथं मातीचा वास असे. सगळ्या पोरांना तो चांगला वाटे. मलप्पा तेवढ्यापुरतं तोंड बाजूला वळवायचा, आणि सर ओरडायचे, "समोर बघ, जमीन खात न्हाई तुला."

हारिसनं तीन सांगितले त्याच्या दुसऱ्या सकाळी मलप्पानं सरांना सगळं सांगून टाकलं. म्हणजे छातीचं सांगितलं, भीतीचं नाही. शेषेरावांनी त्याच्या बरगड्यांवर दोन्ही पंजे ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "हे मशिनीचं थोतांड आजपासून बंद. पोतं लावू." ही त्यांची खास मेहनत होती. पोरानं उताणं पडायचं, छातीवर वावरातल्याच मातीनं अर्धं भरलेलं पोतं ठेवायचं, आणि हात न लावता नुसत्या श्वासानं ते वर उचलायचं, हळूहळू खाली आणायचं. पोरं आपसात हसतखिदळत ती करायची. मलप्पा पडला. आभाळ निळं होतं, वर एक घार गोल फिरत होती. दोघा पोरांनी पोतं आणलं आणि छातीवर ठेवलं. ते जड नव्हतं. हारिसकडं तो याच्या कितीतरी पट लोटायचा. पण हे पोतं सैल होतं. अंगाच्या आकाराप्रमाणं ते पसरलं, काखेत शिरलं, गळ्यापाशी आलं, आणि त्याच्या विणीतून बारीक धूळ उडाली. ती त्याच्या ओठांना लागली. त्यानंतर काय झालं ते त्याला पोरांकडून कळलं. त्यानं म्हणे पोतं भिरकावलं, उठला, आणि वावर ओलांडून डांबरी रस्त्यापर्यंत अनवाणी पळत गेला. रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाला. पोरं हसून हसून लोळली होती. शेषेराव हसले नाहीत. ते रस्त्यापर्यंत चालत आले आणि विचारलं, "गाव कुठलं रे तुझं, खरं सांग." मलप्पानं नाव सांगितलं. "मग पोतं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पण पाच लागत्यात बाबा. त्यात मी काय करू शकत न्हाई."

त्या दिवसापासून भीतीला तोंड फुटलं. आधी ती श्वास घेतानाच यायची, आता न घेतानाही यायला लागली. मेसमध्ये घास चावताना, एसटी स्टँडवर पेपर वाचताना, मधेच त्याला वाटे, आपण शेवटचा श्वास कधी घेतला? आणि मग लक्ष देऊन घ्यावा लागे. लक्ष देऊन घेतलेला श्वास चालत नाही. लक्ष देऊन जिना उतरायला लागलं की पाय चुकतो, तसं होतं. उरलेला अर्धा कुणासाठी, हे हारिसचं वाक्य डोक्यातून जाईना. कारण मलप्पाला ठाऊक होतं कुणासाठी. हे त्यानं कधी शब्दांत मांडलं नव्हतं, पण ठाऊक होतं. अक्कासाठी. शिवकांता त्याची बहीण, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, काटकुळी, केस कायम तेलकट, आणि पाण्यात मासळी. गावाच्या बारवेत तिनंच त्याला पोहायला शिकवलं होतं. दोघांनी एकमेकांचे हात धरायचे. एकानं बुडी मारायची, दुसऱ्यानं वर राहून दम घ्यायचा. मग उलट. "आता तू, आता मी," असं ती म्हणायची, पाण्याखाली जाताना सुद्धा म्हणायची, आणि तिच्या शब्दांचे बुडबुडे वर यायचे. तो रडत असला की ती त्याची पाळी स्वतःच्या अंगावर घ्यायची. हे सगळं उन्हातलं, स्वच्छ, हिरव्या पाण्यातलं. यानंतर जे होतं त्यात ऊन नव्हतं.

अंधार होता, आणि तो नुसता डोळ्यांपुढं नव्हता, अंगाला चिकटून होता. माळवदाची माती. जन्मभर डोक्यावर असलेलं छप्पर एवढ्या मातीचं होतं हे त्याला तेव्हा कळलं. हात हलत नव्हते. छाती थोडीशी हलत होती, दोन बोटं. तोंडापुढं कसलीशी पोकळी होती. त्यानं हाक मारली तर माती आत गेली, म्हणून हाक मारायचं बंद केलं. आणि मग, अगदी जवळून, त्याला दुसरा श्वास ऐकू आला. कुणीतरी त्याच्या बाजूला होतं. अक्काच, दुसरं कोण असणार, ती रोज त्याच्याच शेजारी झोपायची. सात वर्षांच्या पोरानं तिथल्या तिथं हिशोब केला: इथं हवा थोडी आहे, आणि आपण दोघं आहोत. आता तू, आता मी. त्यानं थोडासा श्वास घेतला आणि थांबला. तिचा आला. मग त्यानं घेतला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. कधी कधी तिचा यायला उशीर व्हायचा, तेव्हा तो स्वतःचा धरून ठेवायचा, छाती फुटायला आली तरी. तिची पाळी आपण खाल्ली असं व्हायला नको. मग एकदम उजेडाचं भोक, माणसांचा गलका, हात, आणि पुढचं काही नाही. अक्का गेली, हे त्याला कुणी सांगितलं नाही. ती नव्हती, एवढंच. तिचा फोटोही नव्हता. आणि मलप्पाच्या मनाच्या तळाशी जे होतं ते असं, की शेवटी शेवटी, उजेड आला त्या घाईत, त्यानं एक मोठा श्वास घेतला होता. थांबला नव्हता. तो कुणाचा होता?

भरतीच्या आधीच्या रविवारी तो गावी गेला. नवं गाव सरळ रेषांचं होतं, सगळी घरं सारखी, सगळ्यांना आकडे. सरकारनं बांधून दिलेल्या पक्क्या घरांत लोकांनी सोयाबीनची पोती ठेवली होती, आणि स्वतः दारापुढं पत्रे ठोकून त्यांत राहत होते. भूकंपात काही होणार नाही असं घर म्हणून सांगितलं होतं. पण सांगणारे रात्री तिथं झोपत नव्हते, असं गुरुपादप्पा म्हणत. ते वावरात गेले होते. महादेवी, मलप्पाची आई, शेडमध्ये तूर पाखडत बसली होती. ती उठली आणि लंगडत चुलीकडं गेली. तिचा डावा पाय तेव्हापासून तसाच होता. तिनं भाकरी केली, त्यानं खाल्ली. ती म्हणाली, "लई रोडावलास." हे ती दर वेळी म्हणायची, त्याची छाती केवढीही झालेली असो. पत्रे तापले होते, तरी दार सताड उघडं असल्यानं वारा येत होता. तो घोंगडीवर कलंडला आणि त्याचा डोळा लागला.

जाग आली ती छातीवर काहीतरी आहे म्हणून. तो दचकून उठणार, तेवढ्यात त्याला कळलं, आईचा हात आहे. पालथा पंजा, बरोबर मधोमध. ती त्याच्याकडं बघत नव्हती, दाराबाहेर बघत होती, आणि दुसऱ्या हातानं तुरीतले खडे वेचत होती. लहानपणापासून ती असा हात ठेवायची. त्याला ती माया वाटायची. आणि माया होतीच. पण आज उन्हात तिचा चेहरा त्याला नीट दिसला. तो मायेनं हात ठेवणाऱ्या बाईचा नव्हता. दुधावर साय धरली का ते बघायला बोट लावावं आणि चटका बसेल म्हणून दबकत राहावं, तसा काहीसा होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई. झोप तू." तिनं हात काढला नाही. "झोपलास की तुझा दम मधीच थांबतो. बारकं असल्यापासून. मग मी हात ठिवते."

"थांबत न्हाई आई. मी थांबवतो." एवढं बोलून झाल्यावर मागं फिरता येणार नव्हतं. "पाळी देतो."

"कुणाला?"

"अक्काला."

तिच्या बोटांतला खडा सुपात पडला. मलप्पाला वाटलं, झालं, आता ती सांगणार. जे कुणी इतक्या वर्षांत सांगितलं नाही ते आता हिच्या तोंडून येणार, आणि मग आपण कुठं जायचं? त्याला उठून बाहेर पळावंसं वाटलं. पण तिचा हात छातीवर होता.

"शिवकांता तुझ्याजवळ नव्हती रे," ती म्हणाली. "त्या रातीला तिला उकडत हुतं. उठून दाराकडं जाऊन झोपली. तुळई पडली ती तिच्यावरच. तिला सकाळीच काढलं लोकांनी. मला मागून सांगितलं. तुला आन मला दुपार झाली."

"माझ्या बाजूला कुणीतरी होतं. दम घेत होतं."

"मी हुते की." तिनं असं सांगितलं, जणू हे त्याला ठाऊक असणारच. "मधी भिंत पडली हुती. तिच्या अल्याड तू, पल्याड मी. पाय आडकलेला. हाक मारावी तर तोंडात माती. तुझा तेवढा दम ऐकू यायचा. एक घ्यायचास आन थांबायचास. थांबलास की मला वाटायचं, गेलं लेकरू. मग मी जोर लावून दम घ्यायची, मोठ्यानं, म्हंजे तुला कळावं आई हाय. मग तुझा यायचा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दर बारीला असंच. दर बारीला वाटायचं, आता न्हाई येत. तू एवढा का थांबत हुतास रे?"

बाहेर कोंबड्या उकरत होत्या. त्यानं आईचा हात दोन्ही हातांत धरला आणि नुसता पडून राहिला. गुरुपादप्पा वावरातून आले, त्यांनी भरतीचं विचारलं, "होईल ना यंदा?" म्हणाले, तो "होईल" म्हणाला, आणि संध्याकाळच्या एसटीनं लातूरला परत आला.

कुणाला वाटेल, कळलं म्हणजे सुटलं. तसं झालं नाही. उलट तो आठवडा सगळ्यांत वाईट गेला. इतकी वर्षं त्याला निदान हे माहीत होतं की आपण कुणासाठी तरी राखून ठेवतो आहोत. आता ते जपून ठेवलेलं अर्धं कुणाचंच नव्हतं, आणि अंगाला ते पटत नव्हतं. अंग आपलं पूर्वीसारखंच कडीपाशी येऊन थांबत होतं. अक्का दाराकडं झोपली होती. त्याच्याशी खेळ खेळायला ती तिथं नव्हतीच. शेवटच्या त्या मोठ्या श्वासाचा धाक मात्र गेला. तो त्याचा स्वतःचाच होता. पण त्या धाकाच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं, आणि त्याला अजून नाव नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी हारिसनं टेप काढला, तर मलप्पा नको म्हणाला. "अरे घाबरतोस काय," हारिस म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडाकडं बघून त्यानं टेप गुपचूप खिशात घातला. "जा. अल्ला खैर करेल. आन सरला सांगू नको मी दुवा दिली म्हणून." शेषेरावांनी सकाळी फक्त पाठीवर थाप मारली आणि बीमला आणखी दोनदा लोंबकळायला लावलं.

चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली. स्टँडपासून मैदानापर्यंत सगळीकडं पोरंच पोरं होती. बिलोलीकडची, हिंगोलीकडची, परभणीकडची, सगळी सारखी केस बारीक कापलेली, सगळ्यांच्या पाठीला सारख्या पिशव्या. गुरुद्वाऱ्यात लंगरला पंगतीला बसून त्यांनी डाळ-रोटी खाल्ली. शेजारचं पोरगं जिमचं होतं, दंड कमरेएवढे. ते म्हणालं की धावण्याची धास्ती वाटते. पलीकडचं खेड्यातलं, काडीसारखं. त्याला वजनाची धास्ती होती. मलप्पाला दोघांचाही हेवा वाटला. धावणं काय, वजन काय, त्यासाठी माणूस काहीतरी करू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धावण्यात तो पहिल्या गटात आला. ते दंडवालं पोरगं शेवटच्या वळणावर बसलं, तेव्हा मलप्पा त्याच्या बाजूनं गेला, आणि त्याला शेषेराव आठवले. बीमला हनुवटी पुन्हा पुन्हा वर गेली, खड्डा एका उडीत मागं पडला. मग मापाची रांग आली. शर्ट काढून पोरं एकामागं एक उभी होती. पुढं एक तरुण जवान टेप घेऊन होता, डोंगराकडचा असावा, गाल लाल. तो दर पोराला तेच म्हणायचा, "साँस छोड़. अब भर." काही पोरं पुढं जायची, काही बाजूला. रांग सरकत मलप्पापर्यंत आली.

टेप छातीला लागला, थंड. "साँस छोड़," जवान म्हणाला. मलप्पानं सोडला. सगळा सोडला, आणि जन्माच्या सवयीनं थांबला. मैदानावर गलका होता, शिट्ट्या होत्या, पण त्या थांबण्यात त्याला काही ऐकू येईना. आणि तेव्हा, कसं कोण जाणे, तो भिंतीच्या पलीकडं, आईच्या जागी गेला. पाय अडकलेला, तोंडात माती, सगळं अंग कान झालेलं. आणि इकडून, या छातीतून, काहीच आवाज येत नाही. आता येईल. आता येईल. येत नाही. गेलं लेकरू. अंधाराची भीती त्यानं ओळखली होती, छपराची ओळखली होती, पण ही कधी ओळखली नव्हती, आणि ही त्या साऱ्यांपेक्षा मोठी होती. तिनं त्याला मानेला धरून हलवलं. "भर ना भाई," जवान म्हणाला, पण त्याची गरज नव्हती, कारण त्या भीतीनंच श्वास आत ओढला होता, मोठ्यानं, घशातून आवाज करत. रांगेतली पोरं हसली. बरगड्या दुखल्या. कडीची जागा आली आणि मागं पडली, त्याला कळलंही नाही. टेप जवानाच्या बोटांतून सरकत गेला.

"बस कर, कितना लेगा?" जवान म्हणाला. मग त्यानं आकडा पाहिला. "छह. चल, आगे."

मलप्पा पुढं गेला. श्वास अजून छातीतच होता. चार पावलं गेल्यावर तो सोडायचाही असतो हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं तो सोडला, आणि भिंतीपलीकडं कुणी कान लावून बसली असेल तर तिला वाट बघायला लागू नये म्हणून लगेच दुसरा घेतला.